बाळंतविडा आणि हजेरीपट

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की घर तयारीला लागते. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुन्या लुगड्यांची दुपटी, शेकाला शेगडी. पण या साऱ्या तयारीत सर्वांत महाग वस्तू म्हणजे विसावा. मजूर बाईला तो कायद्यानेच मिळवावा लागला.

१९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने बाळंतिणीला ६ आठवडे कामावर ठेवू नये असे ठरविले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात तसे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचेच हित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली कायदा झाला, पण तो मुंबई इलाख्यापुरता. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तो कायदा इथल्या बाईपर्यंत आला नाही.

पुढे १९६१ साली केंद्राच्या कायद्याने १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली. अट एकच: मालकाकडे ८० दिवस काम केलेले असावे.

इथेच घोडे अडते. मंठा, अंबड, घनसावंगीहून ऊसतोडीला जाणारे नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल एक, हिशेब एक. बाईचे नाव हजेरीवर नाही, मग ८० दिवस दाखवायचे कुठून? खाडा झाला की पैसे मात्र कापले जातात.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: उचल घेतानाच बाईचे नाव आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. बाळंतविड्याची तयारी तिथूनच सुरू होते.