सूज नेमकी कुठे?

बेंबळीसारख्या गावात कुणाचं अंग सुजलेलं दिसलं, की सल्ला ठरलेला. “आण्णा, मीठ बंद करा.” हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यात तो बरोबरही असतो. फुफ्फुसाच्या कर्करोगात मात्र सुजेची गोष्ट निराळी आहे.

१७५७ साली लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी एका रुग्णाची हकीकत लिहिली. डोक्याकडून आणि हातांकडून रक्त हृदयाकडे आणणारी मोठी शीर छातीतच दाबली गेली होती. दाबणारी होती उपदंशाने, म्हणजे गरमीच्या रोगाने, फुगलेली महाधमनी. पुढे पेनिसिलिन आलं, उपदंश हटला आणि त्याची जागा फुफ्फुसातल्या गाठीने घेतली. बांध घातला की ओढ्याचं पाणी मागे तुंबतं, तसंच हे. सकाळी तोंड सुजलेलं, सदऱ्याची गळ्याची गुंडी लागत नाही, वाकलं की डोकं जड, छातीवर निळ्या शिरा. पायांवर मात्र सूज नाही! विडी ओढणाऱ्या माणसात ही खूण दिसली, तर मीठ सोडून घरी बसण्यात अर्थ नाही; त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बरोबर दोनशे वर्षांनी, १९५७ मध्ये, विल्यम श्वार्ट्झ आणि फ्रेडरिक बार्टर या अमेरिकन डॉक्टरांनी फुफ्फुसाचा कर्करोग असलेले दोन रुग्ण नोंदवले. रक्तातलं सोडियम घटलेलं, तरी लघवीवाटे ते जातच होतं. पाणी धरून ठेवणारं संप्रेरक नको तेव्हा काम करत होतं. काही गाठी ते स्वतःच तयार करतात, हे नंतर उमगलं. गंमत म्हणजे इथे शरीरात पाणी साठूनही सूज सहसा दिसत नाही. माणूस सुस्तावतो, बरळतो. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, पाणी पाजा. डॉक्टरांना मात्र बहुधा पाणीच मोजून द्यावं लागतं. मिठाचा सल्ला तर इथे उलटाच पडतो.

शेजारच्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर आपल्या जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुके तिच्यात होते. तिथले कार्यकर्ते रुग्णालयात वाट पाहत बसले नाहीत. गावोगाव गेले, लोकांना लक्षणं सांगितली, संशय वाटला त्यांना तपासणीला आणलं. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यात उपचाराला येऊ लागल्या. फुफ्फुसाची गाठ आत दडलेली, तिच्यासाठी विचारायचे प्रश्न वेगळे. गळ्याची गुंडी लागते का? सूज तोंडावर की पायांवर, सकाळी जास्त की संध्याकाळी?