विद्यानगरीची नभोवाणी आणि चित्रपटेतर संगीत : बारामती-पणदरे परिसराच्या संदर्भात काही विचार

१

महाविद्यालयीन नभोवाणी ही कल्पना मुळात अमेरिकेची. तेथील ब्राऊन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९३६ मध्ये वसतिगृहांच्या तारांतून आपले छोटेसे ध्वनिक्षेपण सुरू केले. पुढे १९४८ मध्ये शैक्षणिक संस्थांना अवघ्या दहा वॅट शक्तीची केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली आणि अशा केंद्रांची संख्या झपाट्याने वाढली. जाहिरातीवर अवलंबून नसल्यामुळे मोठ्या ध्वनिमुद्रण-मंडळ्यांनी दुर्लक्षिलेले संगीत वाजविण्यास ही केंद्रे मोकळी होती. जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठनगरीत १९८० मध्ये उदयास आलेला 'आर.ई.एम.' हा वाद्यवृंद प्रथम अशाच केंद्रांवरून देशभर ऐकू गेला. 'स्वतंत्र संगीत' म्हणजे मोठ्या मंडळ्यांपासून स्वतंत्र असलेले संगीत, हा अर्थ तेव्हापासून रूढ झाला.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार करू लागताच दोन गोष्टी ध्यानी घ्याव्या लागतात. येथे विद्यापीठांस ध्वनिक्षेपणाचा अधिकार एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नव्हताच. शिवाय येथील स्वतंत्र संगीतास ज्या सत्तेपासून स्वातंत्र्य मिळवावयाचे होते ती प्रामुख्याने चित्रपटगीताची सत्ता होती. तेव्हा अमेरिकन संज्ञा जशीच्या तशी उचलून तिच्या मापाने येथील घडामोडी मोजणे युक्त होणार नाही. पुणे जिल्ह्यातील बारामती तालुका, आणि त्यातही नीरा मार्गावरील पणदरे गावाचा परिसर, यांच्या आधारे हा प्रश्न अधिक नेमकेपणाने मांडता येतो.

२

भारतात ध्वनिलहरींवरील सरकारी मक्तेदारीचे मूळ १८८५ च्या तार अधिनियमात आहे. योगायोग असा की, बारामती व इंदापूर तालुक्यांचे रूप पालटून टाकणारा नीरा डावा कालवाही त्याच सुमाराचा. पाणी कोणाच्या शेतास द्यावयाचे हे ज्याप्रमाणे पाटबंधारे खाते ठरवी, त्याप्रमाणे कोणाचा आवाज दूरवर जावयाचा हे पुढे आकाशवाणी ठरवू लागली. पाण्याच्या बाबतीत निदान पाळीची तक्रार करण्याची सोय होती. आवाजाच्या बाबतीत तीही नव्हती.

या मक्तेदारीचे सांगीतिक परिणाम दुहेरी होते. १९५२ पासून १९६२ पर्यंत माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी शास्त्रीय संगीतास प्राधान्य देऊन चित्रपटगीतांस जवळजवळ बंदीच केली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. हा इतिहास सामान्यतः केसकरांच्या हट्टाची कथा म्हणून सांगितला जातो. परंतु चित्रपटगीत बाजूस सारल्यामुळे जी पोकळी निर्माण झाली ती भरून काढण्यासाठी केंद्रांना नवे चित्रपटेतर गीत निर्माण करावे लागले, ही या कथेची दुसरी बाजू होय. मराठीत त्याची पूर्वतयारी झालेली होती. गजानन वाटवे यांच्यासारख्या गायकांनी भावगीत चौकाचौकांतील जाहीर कार्यक्रमांतून लोकप्रिय केले होते. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले, आणि १ एप्रिल १९५५ पासून तेथून 'गीतरामायण' प्रसारित होऊ लागले. सीताकांत लाड यांची प्रेरणा, ग. दि. माडगूळकरांचे शब्द व सुधीर फडके यांच्या चाली यांतून वर्षभरात छप्पन्न गीते निर्माण झाली. दोघेही कलावंत चित्रपटसृष्टीतील नामवंत होते. पण ही निर्मिती मात्र केवळ नभोवाणीसाठी झाली.

तथापि याच आकाशवाणीचा उंबरठा सर्वांस सारखा नव्हता. केसकरांच्या काळात ध्वनिचाचणी व श्रेणीची पद्धत दृढ झाली. हार्मोनियमवर तर १९४० पासूनच बंदी होती, ती १९७१ पर्यंत टिकली. जिच्यावाचून खेड्यातील भजनी मंडळ उभेच राहत नाही ती पेटी तीस वर्षे केंद्राच्या दाराबाहेर राहिली, ही गोष्ट केवळ श्रुतिशास्त्राच्या वादाचा विषय नाही. कोणाचे संगीत 'संगीत' म्हणून गणावयाचे याचा तो निर्णय होता.

३

पुणे केंद्राचा आणखी एक उपक्रम येथे विशेष महत्त्वाचा आहे. 'गीतरामायण' समाप्तीस येत असतानाच, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, युनेस्कोच्या साह्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग हाती घेण्यात आला. पुणे जिल्ह्यासह पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत अशी मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, ऐकल्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या साह्याने पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. जेथे मंडळ होते तेथे श्रोत्यांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडली. जेथे नुसता रेडिओ होता व मंडळ नव्हते तेथे ती फारच अल्प होती, असे त्यात आढळून आले.

या निष्कर्षाचा अर्थ शेतीपुरता मर्यादित मानण्याचे कारण नाही. यंत्र गावात पोचले म्हणजे ध्वनिक्षेपण पोचले असे होत नाही. ऐकणाऱ्यास उलट बोलण्याची सोय असेल तरच ते पोचते. १९५६ च्या प्रयोगात शेतकऱ्याला प्रश्न विचारता आला. आपले गाणे पाठविण्याची सोय मात्र त्या रचनेत नव्हती. ती होण्यास आणखी अर्धशतक जावे लागले.

४

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. तरीही केंद्र शासनाने प्रथम दार उघडले ते व्यापारी वाहिन्यांस. शैक्षणिक संस्थांना परवाने देण्याचे धोरण २००२ च्या अखेरीस ठरले आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' २००५ मध्ये आली. नोव्हेंबर २००६ च्या सुधारित धोरणाने हा अधिकार सेवाभावी संस्था व कृषिविज्ञान केंद्रे यांनाही दिला. शक्ती सामान्यतः शंभर वॅट, मनोऱ्याची उंची तीस मीटरपर्यंत, किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार केलेले, आणि वृत्तप्रसारणास मनाई, असे त्याचे प्रमुख नियम होते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे 'माणदेशी तरंग' २००८ मध्ये सुरू झाली ती याच धोरणाखाली.

बारामतीत या धोरणाची दोन्ही अंगे दिसून येतात. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानच्या विद्यानगरीतून 'वसुंधरा वाहिनी' ९०.४ मेगाहर्ट्‌झवर निघाली. ती महाविद्यालयीन परिसराची वाहिनी. माळेगावजवळ शारदानगर येथील कृषिविज्ञान केंद्राने 'शारदा कृषि वाहिनी' ९०.८ वर सुरू केली. तिचा वंश सरळ १९५६ च्या श्रोतृमंडळांशी जाऊन भिडतो. एकाच तालुक्यात विद्यार्थ्यांची व शेतकऱ्यांची अशा दोन वाहिन्या असणे ही ग्रामीण महाराष्ट्रात सहसा न आढळणारी गोष्ट होय.

शंभर वॅटचे क्षेत्र सपाट प्रदेशातही साधारणतः दहा ते पंधरा किलोमीटरच भरते. बारामतीच्या पश्चिमेस, माळेगावच्या पलीकडे असलेले पणदरे हे या मर्यादेच्या कडेवर येते. कालव्याच्या पाण्यावरील ऊस, सहकारी कारखान्यांच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर, आणि सकाळच्या एसटीने बारामतीस शिकावयास जाणारी मुले-मुली, हे या पट्ट्याचे नित्याचे चित्र. विद्यार्थी ज्या वाटेने विद्यानगरीत जातात त्याच वाटेने विद्यानगरीचा आवाज गावाकडे यावा, अशी ही रचना आहे. त्यामुळे येथील महाविद्यालयीन नभोवाणीचा श्रोता अमेरिकन पद्धतीप्रमाणे केवळ वसतिगृहातील तरुण नसतो. त्याची आई, त्याचे आजोबा आणि त्यांच्या शेतावरील गडी हेही त्याच लहरीवर असतात.

५

मग या वाहिनीने कोणते संगीत वाजवावे? या प्रश्नाची तीन उत्तरे संभवतात.

पहिले उत्तर चित्रपटगीताचे. श्रोत्यांस ते हवे असते, हे नाकारता येत नाही. केसकरांच्या अनुभवाने तेवढे तरी सिद्ध केले आहे. परंतु अशा गीतांच्या प्रसारणास हक्कशुल्क पडते आणि लहान वाहिनीचे अर्थकारण नाजूक असते. २०१२ मध्ये लहरींचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून ९१,००० रुपयांवर नेण्यात आले तेव्हा देशभरच्या सामुदायिक वाहिन्यांनी निषेध केला व ती वाढ मागे घ्यावी लागली. एवढ्या रकमेने ज्यांचे अस्तित्व धोक्यात येते त्या संस्थांनी व्यापारी वाहिन्यांशी चित्रपटगीतांत स्पर्धा करावी, ही अपेक्षाच व्यर्थ आहे.

दुसरे उत्तर विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या संगीताचे. पुण्यात आंतरमहाविद्यालयीन फिरोदिया करंडक स्पर्धेतून, मुंबईत पवईच्या 'मूड इंडिगो' महोत्सवातून विद्यार्थ्यांच्या नव्या रचनांना व वाद्यवृंदांना व्यासपीठ लाभले. २०१० पासून पुण्यात 'एनएच-सेव्हन वीकेंडर' हा स्वतंत्र संगीताचा मोठा उत्सवही भरू लागला. पण स्पर्धा किंवा उत्सव संपला की त्या रचनाही बहुधा संपतात. वर्षभर, आठवड्यामागून आठवडा, नवी रचना ऐकविण्याचे काम लहान वाहिनीच करू शकते. येथे एक अडचण ध्यानात घ्यावयास हवी. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातात. त्यांच्याबरोबर त्यांची आवड, त्यांचे कौशल्य आणि पुष्कळदा त्यांची ध्वनिमुद्रणेही जातात.

तिसरे उत्तर परिसराच्या संगीताचे, आणि या बाबतीत बारामती-इंदापूरचा पट्टा समृद्ध आहे. मोरोपंत (१७२९-१७९४) बारामतीचे. त्यांच्या आर्या व केकावली कीर्तनकारांच्या मुखाने महाराष्ट्रभर गेल्या. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जाते आणि दिंड्यांतील भजन या गावांच्या कानांवरून जाते. धनगरांच्या ओव्या व गजनृत्य, गोंधळ, भारूड, जात्यावरील ओवी हे सारे याच भूमीतले. यांपैकी जात्यावरील ओवीचे उदाहरण विशेष बोलके आहे. गी पॉइटवँ व हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्यात व अन्यत्र एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. तोवर या रचनांच्या निर्मात्या स्त्रियांना कवयित्री म्हणून कोणी विचारले नव्हते, आणि विजेची चक्की आल्यावर जातेच मागे पडल्यामुळे त्या गाण्यास प्रसंगही उरला नव्हता. ध्वनिचाचणीच्या कसोटीला न उतरणारे, पण मराठी भाषेच्या इतिहासास अपरिहार्य असलेले असे हे संगीत आहे. त्याला चित्रपटेतर म्हणणे पुरेसे नाही. चित्रपटाच्या जन्मापूर्वीपासून ते स्वतंत्रच आहे.

दुसरे व तिसरे उत्तर परस्परविरोधी मानण्याचा प्रघात आहे. गिटार हाती घेणारा विद्यार्थी आधुनिक आणि पेटीवर बसणारा त्याचा चुलता पारंपरिक, अशी ही विभागणी. पणदऱ्यासारख्या गावात ती टिकत नाही. रविवारी घरी गेलेला तोच विद्यार्थी रात्री भजनात टाळ धरतो आणि सोमवारी विद्यानगरीच्या ध्वनिमुद्रणकक्षात नवी चाल बांधतो. त्या चालीत टाळाचा ठेका उतरला तर त्यास परंपरेचे अनुकरण म्हणावे की स्वतंत्र निर्मिती? १९५५ मध्ये माडगूळकर-फडके यांनी जुन्याच कथेला नव्या चाली दिल्या तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण आकाशवाणीच्या प्रतिष्ठेने त्याचे उत्तर आधीच दिलेले होते. लहान वाहिनीपाशी ती प्रतिष्ठा नाही. तिला आपले मूल्यमापन आपणच उभे करावे लागते.

६

येथे धोरणातील एका शब्दाचा विचार अटळ होतो. निम्मे कार्यक्रम 'स्थानिक' असावेत असे नियम सांगतो. पण स्थानिक कोण? दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर व अन्य जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या या पट्ट्यात येतात. कोयता घेऊन आलेली ही कुटुंबे गळीत हंगाम संपेपर्यंत फडालगतच्या खोप्यांत राहतात. त्यांच्याही स्त्रिया ओव्या म्हणतात, त्यांचीही मुले मोबाइलवर गाणी ऐकतात, आणि वाहिनीच्या क्षेत्रात ती वर्षातून पाच-सहा महिने प्रत्यक्ष राहतात. मतदारयादीच्या दृष्टीने ती परकी असतील. ध्वनिक्षेपणाच्या दृष्टीने तशी मानता येणार नाहीत. लहर फडापर्यंत पोचते, मग फडातील आवाज लहरीपर्यंत का पोचू नये, हा प्रश्न ज्या वाहिनीने स्वतःस विचारला नाही तिने १९५६ च्या प्रयोगाचा धडा अर्धाच घेतला असे म्हणणे प्राप्त आहे.

स्वस्त इंटरनेटच्या काळात अशा वाहिन्यांची गरजच काय, असा आक्षेप घेतला जातो. भ्रमणध्वनीवर वाटेल ते गाणे मिळते हे खरे. पण जे गाणे कोणी मुद्रितच केले नाही ते तेथे मिळत नाही. आणि मिळाले तरी ते एकट्याने ऐकावयाचे असते. श्रोतृमंडळात बसून ऐकणे व त्यावर बोलणे हा न्यूराथ यांच्या निष्कर्षाचा गाभा होता, आणि तो तंत्रज्ञानाबरोबर कालबाह्य झालेला नाही.

विद्यापीठीय विभागांपुढील काम यातून स्पष्ट होते. लहान वाहिन्यांची ध्वनिमुद्रणे ही संशोधनसाधने आहेत, ही जाणीव प्रथम रुजली पाहिजे. प्रत्येक मुद्रणासोबत गाणाऱ्याचे नाव, गाव, दिनांक, प्रसंग आणि त्याची संमती यांची नोंद ठेवणे, विद्यार्थी गेला तरी मुद्रण संस्थेत राहील अशी व्यवस्था करणे, आणि गाणाऱ्याचा रचनेवरील हक्क मान्य करणे, ही कामे खर्चिक नाहीत. ती चिकाटीची आहेत. गीतरामायण टिकले ते पुणे केंद्राने जपले व लोकांनी पुन्हा पुन्हा गायिले म्हणून. पणदऱ्याच्या भजनी मंडळाचे अथवा फडावरच्या ओवीचे गाणे पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकास ऐकावयास मिळेल की नाही, हे आज ते मुद्रित करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीतील नोंदीवर अवलंबून राहणार आहे.