पाठलाग

मराठी रहस्यपट (1964). दिग्दर्शक राजा परांजपे (1910–1979). कथा जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून. प्रमुख भूमिका भावना व काशिनाथ घाणेकर.

वकील नायकाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. पुढे दरोडेखोर म्हणून पकडलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री ‘मीच तुझी बायको’ असा दावा करते. नवराबायकोलाच ठाऊक असाव्यात अशा खासगी गोष्टी ती कोर्टात सांगते, आणि ऐकणाऱ्याचा तोल एकदा इकडे, एकदा तिकडे जातो. अखेर गेली ती जुळी बहीण, आरोपी हीच खरी पत्नी, असा उलगडा होतो. जुळ्यांची युक्ती तशी जुनीच. पण इथे ती खपते, कारण प्रेक्षकही नायकाइतकाच डोळ्यांनी पाहिलेल्या मरणावर विसंबलेला असतो. यावरून राज खोसला यांनी हिंदीत ‘मेरा साया’ (1966) काढला.

निशिकांत कामत यांच्या, गोव्यात घडणाऱ्या ‘दृश्यम’ची (2015, मूळ मल्याळम, 2013) तऱ्हा उलटी. खून कोणी केला हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक. दडवलेले असते ते फक्त प्रेताचे ठिकाण. ते नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली निघते. शेवट कळल्यावरही असे चित्रपट पुन्हा पाहिले जातात, ते सुटलेले दुवे हुडकण्यासाठी. नुसत्या धक्क्यावर उभा असलेला रहस्यपट मात्र दुसऱ्या खेळाला टिकत नाही.