लष्कर : एका शब्दाची कहाणी



मराठीत सैनिकांच्या समुदायाला शब्द किती आहेत पाहा. सेना आणि सैन्य संस्कृतातून आले, फौज अरबीतून, लष्कर फारसीतून आणि पलटण युरोपीय कवायतीबरोबर आली. यांपैकी 'लष्कर' या शब्दाची कहाणी आपल्या मुलांना ठाऊक असावी, असे मला वाटते. कारण तिच्यात राजेरजवाड्यांचा इतिहास आहे, तसा आपल्या कोकणातील बांधवांचाही आहे.

प्रथम व्याकरण पाहू. लष्कर हा समूहवाचक शब्द आहे. एकटा सैनिक म्हणजे लष्कर नव्हे. तो लष्करातील शिपाई. हजारो माणसे असली तरी आपण 'लष्कर आले' असे एकवचनीच म्हणतो. गंमत अशी की 'शिपाई' या शब्दाचे मूळही समूहातच आहे. फारसीत 'सिपाह' म्हणजे सैन्य आणि त्यातील एक तो सिपाही. 'फौज' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ तर नुसता जमाव किंवा जथा. कुरआन शरीफमधील सूरह नस्रमध्ये त्याचे अनेकवचन येते; तेथे धर्मात जथ्याजथ्याने येणारी माणसे अभिप्रेत आहेत, सैनिक नव्हेत.

मध्ययुगात फारसी ही दक्षिणेतील दरबारांची भाषा होती. त्यामुळे असे शब्द मराठी कारभारात रुळले. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, शिवाजी महाराजांनी पदांना संस्कृत नावे दिली आणि सरनोबताचा सेनापती झाला. पुढे त्यांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला. त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. तरीही लष्कर आणि फौज हे शब्द लोकांच्या तोंडी टिकले. लोकांनी ते आपले मानले होते, हेच त्याचे कारण.

लष्कर जेथे मुक्काम करी, तेथे बाजार बसे आणि पुढे वस्ती होई. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरजवळ स्थिरावली. तिचे शहर झाले आणि त्या शहराचे नावच लष्कर पडले. पुण्याच्या कॅम्प भागालाही आपण लष्कर म्हणतो. 'उर्दू' हा तुर्की शब्दही मूळचा छावणीचाच; अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो एका भाषेचे नाव झाला.

आता कहाणीचा दुसरा भाग. लष्करातला तो 'लष्करी'. हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि श्रीलंकेत त्यांच्या पदरी असलेल्या देशी सैनिकांना 'लस्करीन' म्हणू लागले. इंग्रजांच्या तोंडी त्याचा 'लास्कर' झाला आणि अर्थ उरला आशियाई खलाशी! रत्नागिरी जिल्ह्यातील कितीतरी मुसलमान तरुण असे लास्कर म्हणून आगबोटींवर गेले. काम तेच, पण पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा हिस्सा. पहिल्या महायुद्धात बोटी बुडाल्या, तेव्हा समुद्राखेरीज दुसरी कबर न लाभलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. कलकत्त्यात १९२४ साली उभारलेले लास्कर स्मारक तर ८९६ खलाशांचे आहे. ही माणसे सैनिक म्हणून गणली गेली नाहीत; पण सैनिकांच्या समूहाचा शब्द त्यांच्या नावाला चिकटला आणि मरणही सैनिकांचेच आले.

शब्द तोच, पण एकेकाळी तो तलवार बाळगणाऱ्याचा होता, नंतर दोर ओढणाऱ्याचा झाला. शब्दाला मान किंवा अवमान त्याच्या अक्षरांतून मिळत नाही, तो वाहणाऱ्या माणसांच्या स्थितीतून मिळतो. आणि माणसांची स्थिती बदलण्याचे आज आपल्या हाती असलेले साधन शिक्षण हेच आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनो, वर्गात कोणी तुमच्या बोलीतील शब्दांना परके म्हटले तर खाली मान घालू नका आणि भांडूही नका. शब्दकोश उघडून दाखवा. ज्या मराठीत कायदा, वकील, दवाखाना आणि लष्कर सुखाने नांदतात, ती तुमचीही भाषा आहे. ती शुद्ध लिहा, चांगली बोला.

पालकहो, मराठीत 'लष्कराच्या भाकरी भाजणे' अशी एक म्हण आहे. स्वतःचा फायदा नसताना लोकांसाठी राबणे, असा तिचा अर्थ. लोक ती चेष्टेने वापरतात. पण कोणतीही शिक्षणसंस्था अशा भाकरी भाजणाऱ्यांच्या कष्टावरच उभी राहते. आपली मुले नियमित शाळेत पाठवणे, हाच त्या चुलीला आपण द्यायचा सरपणाचा वाटा आहे.