नांदूर शिंगोट्यावरून जाताना

नाशिकहून पुण्याला निघालं की सिन्नरच्या पुढे नांदूर शिंगोटे लागतं. भागोजी नाईकांचं गाव. हे नाईक आधी नगरच्या पोलिसांतच अंमलदार होते! १८५५ मध्ये त्यांना दंग्याबद्दल तुरुंगवास झाला. १८५७ मध्ये भिल्लांना घेऊन त्यांनी बंड केलं. ४ ऑक्टोबरला इथल्याच डोंगरात पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री मारला गेला.

त्याच्या जागी आलेल्या कॅप्टन नटॉलनं ओळखलं, की डोंगरात डोंगरातलाच माणूस हवा. जुन्नर, अकोले, नाशिककडच्या कोळी नाईकांना त्यानं गाठलं. जेवढी माणसं आणाल, तेवढा मोठा हुद्दा! डिसेंबरात १०० जण स्वतःच्याच तलवारी-बंदुका घेऊन तयार झाले. पुढे ६०० झाले. ना तंबू, ना सामान.

आणि त्यांच्या अधिकाऱ्यांत कोण होतं? राघोजी भांगऱ्यांचा सख्खा भाऊ! राघोजींना याच सरकारनं १८४८ मध्ये ठाण्याला फाशी दिलं होतं.

१८५९ मध्ये भागोजी सिन्नरजवळ मिठसागऱ्याला लढताना पडले. १८६१ मध्ये कोळी पलटण मोडली. थोडेच जण पोलिसांत गेले, बाकीचे आपापल्या जुन्या कामांकडे परतले.

भागोजी पोलिसांतून बंडात गेले, राघोजींचा भाऊ बंडखोराच्या घरातून सरकारी पलटणीत. त्याला फितूर म्हणणं सोपं आहे. पण फाशीनंतर त्या घरात नऊ वर्षं चूल कशी पेटली असेल, हे मनात आलं की माझी जीभ अडखळते.