धार आणि पाठ

शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव म्हणून एक गांव आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं येथें उत्खनन केलें आणि इ. स. पूर्वीं १६०० पासून ७०० पर्यंतच्या शेतकरी वस्तीचा वृत्तांत उजेडांत आला. तेथील घरांविषयीं व दफनाच्या चालीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आमचें लक्ष मात्र एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूनें वेधून घेतलें. ती वस्तु म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडाचीं बारीक पातीं. तांबें त्या लोकांस ठाऊक होतें, पण तें दुर्मिळ. म्हणून रोजचें कापणें-सोलणें या दगडी पात्यांवर चाले. गारेची कड कांचेप्रमाणें तीक्ष्ण, पण तितकीच ठिसूळ. याकरितां अशीं पातीं लांकडाच्या किंवा हाडाच्या खोबणींत बसवून त्यांचें हत्यार करीत, असें पुराणवस्तुशास्त्रज्ञ मानतात. धार एका द्रव्याची, पाठ दुसऱ्या द्रव्याची. हत्यारांच्या इतिहासांत याहून मोठी युक्ति त्यानंतरहि फारशी निघाली नाहीं, असें आमचें मत होत चाललें आहे.

कोणी म्हणेल, या मताची घाई प्राध्यापकांस कां झाली? तिचें कारण आमच्या घराच्या भिंतींत रुतून बसलें आहे. दोन वर्षांपूर्वीं आम्हीं शिरूरच्या घरीं मागच्या पडवींत सुतारकामाचा छंद आरंभिला आणि एक राउटर विकत घेतला. लांकडांत खाच पाडणें, कडेस गलता किंवा गोलाई काढणें, हीं कामें हें विजेचें यंत्र करतें. त्याच्या तोंडांत जें लहानसें फिरतें पातें बसवितात, त्यास बाजारांत बिट म्हणतात. एका दुकानांतून आम्हीं बारा बिटांचा संच, एका चांगल्या बिटाच्या किंमतींत, मोठ्या समाधानानें घरीं आणला. तिसऱ्या दिवशीं बाभळीच्या फळीवर त्यांतील एकाचा धारेचा तुकडा निखळला आणि कानाजवळून जाऊन भिंतीच्या गिलाव्यांत शिरला. त्या रात्रीं आम्ही इतिहासाकडे वळलों. आमच्यासारख्यास दुसरा आश्रय नाहीं.

जुन्या सुतारास हत्यार निवडण्याची विवंचना निराळ्या प्रकारची होती. पुण्याहून शिरूरकडे जातांना वाटेंत लोणीकंद लागतें. १८२० च्या सुमारास कोट्स नांवाच्या इंग्रज वैद्यानें या गांवाचें सविस्तर वर्णन लिहिलें, आणि त्यांत बलुतेदारांची व्यवस्था आली आहे. पुढें त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ मध्यें आपल्या ‘गांवगाडा’ ग्रंथांत तीच व्यवस्था तिच्या गुणदोषांसह मांडली. या व्यवस्थेंत सुतार व लोहार हे शेजारी. सुताराची पटाशी लोहार घडवी: पाठ मऊ लोखंडाची, तोंडास पोलादाची पट्टी तापवून, ठोकून एकजीव केलेली, मग त्या तोंडास पाणी दिलेलें. सबंध पटाशी पोलादाची केली तर महाग पडे आणि ठोक्यासरशीं मोडे. सबंध लोखंडाची केली तर धार दुपारपर्यंतहि टिकत नसे. सांधा कच्चा राहिला, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुतार लोहाराच्या भात्यापाशीं उभाच. या व्यवस्थेचे जाच आम्हांस अमान्य नाहींत, परंतु करणारा व वापरणारा यांची रोज गांठ पडे, हें खरें.

आपल्याकडील पोलादहि हलकें नव्हतें. १७९४ मध्यें मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने लंडनास सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले आणि पटाश्या, कानशी, करवती यांसाठीं येथील कारागीर तें वापरतात असें कळविलें. पुढल्याच वर्षीं पिअर्सन यांनीं त्यावर रॉयल सोसायटीपुढें निबंध वाचला. अशा हाताच्या हत्यारांनींच पुण्यांत विश्रामबागवाड्याचे सुरूदार खांब १८०७ च्या सुमारास कोरले गेले. पुढें १८५८ मध्यें पुण्याकडून येणारी आगगाडी दौंडावरून दिकसाळपर्यंत गेली व १८७८ मध्यें दौंड-मनमाड फांटा सुरू झाला, तेव्हां विलायती रंधे-करवती या भागांत येणें सोपें झालें. झिजलेली विलायती कानस भट्टींत घालून तिची पटाशी करण्याची चाल मात्र लोहारांनीं सोडली नाहीं. गलत्याच्या प्रत्येक आकारास तेव्हां निराळा रंधा लागे. आजचें बिट हें त्या रंध्याचेंच वंशज होय. फरक इतकाच कीं, तो हातानें सरके आणि हें फिरतें.

फिरण्यानें सर्व बदललें. १९१५ च्या सुमारास अमेरिकेंत हातांत धरावयाचे राउटर निघाले. त्यापूर्वींच, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत, टेलर व व्हाइट यांचें तांबडें होईपर्यंत तापलें तरी धार न सोडणारें पोलाद लोकांनीं पाहिलें होतें. १९२३ मध्यें बर्लिनच्या ओस्राम कंपनींतील श्रॉटर यांनीं टंग्स्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टच्या साहाय्यानें भाजून घट्ट करण्याची कृति साधली, आणि क्रुप कंपनीनें १९२७ मध्यें ती ‘विडिया’ म्हणजे ‘हिऱ्यासारखी’ या अर्थाच्या नांवानें बाजारांत आणली. आपल्या कारखान्यांतले कामगार अजूनहि ‘विडिया’च म्हणतात. हा पदार्थ अति कठीण, पण गारेसारखाच ठिसूळ. म्हणून त्याची फक्त चीप करावयाची आणि ती पोलादी दांड्यास डाखून बसवावयाची. इनामगांवचीच युक्ति!

आतां निवड. प्रथम द्रव्य पाहावें. साध्या मऊ लांकडावर टेलरच्या जातीचें पोलाद अगदीं बारीक धार घेतें आणि तें स्वस्तहि असतें. परंतु प्लायवूडांतील चिकटद्रव्य त्याची धार लवकर खातें. सागहि कमी नाहीं, कारण त्यांत सिलिका असते. म्हणजे इनामगांवकर जिनें कापीत तीच गार येथें उलट पात्यास झिजवते. अशा कामास कार्बाइडच हवें. चीप जाड असावी. पातळ चीप पुन्हां घांसतां येत नाहीं. तिचा चेहरा आरशासारखा घोटलेला असावा व धारेवर भिंगांतून पाहतां खांचे दिसूं नयेत. दोन पातीं असल्यास दोन्ही सारखीं, नाहींतर एकच काम करतें आणि दुसरें थरथर वाढवितें. सर्वांत महत्त्वाचा तो डाखलेला सांधा: धातूची रेघ चिपेच्या संबंध कडेनें अखंड दिसली पाहिजे.

दांड्याच्या जाडीविषयीं कंजूषपणा करूं नये. पाव इंचाऐवजीं अर्ध्या इंचाचा दांडा घेतला, तर ताठपणा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. सहा मिलिमीटरचा दांडा पाव इंचाच्या चिमट्यांत कधींहि बसवूं नये. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि तेवढी फट पुरे होते. आणि वेग! २५ मिलिमीटर व्यासाचें बिट मिनिटास २०,००० फेरे घेतें, तेव्हां त्याची कड ताशीं सुमारें ९४ किलोमीटर वेगानें धांवते. ५० मिलिमीटरची १८८ किलोमीटर. मोठें बिट लावतांना फेरे कमी करावे लागतात, तें याकरितां. आमच्या संचाच्या डब्यावर वेगमर्यादेचा आंकडाच नव्हता, हें आम्हांस नंतर दिसलें.

तें मोडकें बिट घेऊन आम्ही दौंडास एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांचे वडील बैलगाडीचीं चाकें करीत. मिस्त्रींनीं चष्मा कपाळावर सारून तो दांडा उन्हांत धरला. चीप जेथून सुटली होती, तेथें अर्ध्याहून अधिक जागा काळी होती. डाख तेथवर पोहोंचलाच नव्हता.

“सर, हिला पाठच धरली नव्हती,” ते म्हणाले.

मग त्यांनीं उरलेलीं अकरा बिटें मागितलीं, एकेकाची धार अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढून पाहिली, आणि दोन वेगळीं काढलीं. “हीं सांवरीच्या लांकडाला चालतील. बाकीचीं घरांत ठेवूं नका. एखादें पोरगें हौसेनें लावून बसेल.” तीं नऊ बिटें त्यांनींच आपल्या भंगाराच्या डब्यांत टाकलीं आणि आम्हांस चहा सांगितला.