मुहैस्नाह : नव्याने येणाऱ्या कुटुंबांसाठी थोडी माहिती

दुबईत मुहैस्नाह भागात घर बघणाऱ्या मंडळींसाठी आमच्या अनुभवातून ही थोडी माहिती देत आहोत.

एजंट नुसते "मुहैस्नाह" म्हणाला तर नंबर विचारा. चार नंबरमध्ये कुटुंबे राहतात. शाळा, मदिना मॉल, लुलू सगळे हाताशी. दोन नंबरमध्ये कामगारांच्या वसाहती आहेत आणि त्या भागाला सगळे सोनापूर म्हणतात. आम्ही फोनवर सहज "सोनापूरजवळ घर मिळालं" म्हणालो, तर गिरगावातल्या आजी एकदम गप्प! मुंबईच्या जुन्या माणसांसाठी सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सचे स्मशान. तेव्हा घरी सांगताना "अल कुसैसच्या शेजारी" म्हणावे हे बरे.

भाडे वर्षाचे ठरते, पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. करार 'इजारी'त नोंदवून घ्या. वीज-पाण्याचे बिल 'देवा'चे (नावावर जाऊ नका!). त्यात वर्षाच्या भाड्याच्या 5 टक्के घरपट्टी बारा हप्त्यांत येते. भाडे 60,000 दिरहम असेल तर महिना 250 दिरहम. हे आम्ही हिशेबात धरलेच नव्हते.

बाळ इथे जन्मले तर 120 दिवसांत त्याचा भारतीय पासपोर्ट आणि रेसिडेन्स व्हिसा दोन्ही व्हायला हवे. बाळंतपणाच्या गडबडीत दिवस भराभर जातात.

2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली. त्याआधी शुक्रवारी आम्ही घरी आणि भारतात सगळे कामावर. आता रविवारी आजी-आजोबा निवांत सापडतात. भारताची वेळ दीड तास पुढे, त्यामुळे आपल्या आठला तिकडे साडेनऊ. व्हॉट्सॅपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही. निघण्यापूर्वीच आजोबांच्या फोनमध्ये बोटिम घालून द्या.

उन्हाळ्यात मुलांना अंधार पडल्यावरच खाली न्यावे. 15 जून ते 15 सप्टेंबर उघड्यावरची कामेसुद्धा दुपारी साडेबारा ते तीन बंद ठेवावी लागतात.

आणखी एक. कुटुंब आणायचे तर पगार किमान 4,000 दिरहम, किंवा 3,000 आणि राहायला जागा, असा 2019 पासूनचा नियम आहे. सोनापूरच्या बहुतेकांचा पगार तिथवर पोचत नाही. मागे लुलूच्या रांगेत आमचे मराठी ऐकून पुढचा माणूस वळला. सांगलीकडचा, दोन नंबरमध्ये राहणारा. आमच्या मुलीकडे बघून म्हणाला, "माझी पण एवढीच. दोन वर्षं झाली बघून." आम्हाला काय बोलावे सुचेना. गणपतीत त्याला जेवायला बोलावले, तर येताना मुलीसाठी फ्रॉक घेऊन आला. मापाला अगदी बरोबर होता.